काळी टिकली आणि कापसातली ऊब

आमच्या घरात कापूस आला की माणसांना बाहेर निघावं लागतं. दिवाळीनंतर वेचणीला जोर चढला की समोरच्या खोलीतली खाट अंगणात जाते, शिलाई मशीन चुलीजवळ येतं, आणि देव तेवढे कोनाड्यात बसून कापसावर लक्ष ठेवतात. ओला कापूस मंडीत नेला तर भाव पाडून मागतात, म्हणून पुरता वाळेपर्यंत तो आमचा पाहुणा. पाहुणाही असा की पाय पसरत पसरत छताला टेकतो.

त्या ढिगात माझ्या धाकट्या जावेचाही कापूस असतो. ती भिंतीला भिंत लागून राहते, तिच्याकडे जागा नाही, आणि मंडीला गाडी दोन्ही घरांची मिळून एकच जाते. मधे एक जुनं लुगडं आडवं टाकलं की वाटणी झाली. उजवीकडे आमचा कापूस, डावीकडे तिचा.

या जावेबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलत नाही. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे, आणि बोलायचंच झालं तर मधे कोणीतरी लागतं. तिचे भासरे म्हणजे माझे मालक, आणि मधलं कोणीतरी म्हणजे मी. दोघं एका खोलीत असतात, एकमेकांचं सगळं ऐकतात, पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते ऐकलं असं धरत नाहीत. ती म्हणते, "बाई, त्याईले सांगा, बैल सुटला." मी म्हणते, "अवो, बैल सुटला." मग हे उठतात. तोवर बैल तामसीच्या रस्त्याला लागलेला असतो. लग्न होऊन आल्यापासून तिचं असंच चाललं होतं. नातवंडं झाली, डोक्याचे केस पिकले, पण तिचा एक शब्द सरळ यांच्या कानावर पडला नव्हता.

तर त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत माझी नात हैदराबादहून आली. पोरगी तिथं शिकते. शिकते म्हणजे शिकून झालं, आता शोध लावते. मांडीवर एक डबा धरून अख्खा प्रवास तिनं केला. मला वाटलं मिठाई आणली. उघडला तर आत आणखी एक डबी, कुंकवाच्या करंड्याएवढी, आणि तिच्या तोंडावर काळी टिकली.

काळं मी काय थोडं पाहिलं? तवे घासण्यात माझा जन्म गेला. पण तव्याचं काळंही कुठून तरी चमकतं. हे चमकतच नव्हतं. वाटत होतं डबीला भोक पडलंय आणि भोकाच्या आत रात्र आहे. मी बोट घालून पाहायला गेले.

"आजी! हात नको लावू!" पोरगी अशी ओरडली की अंगणातली कोंबडी उडाली. "एक बोट लागलं तरी सगळं चेपून जाईल. फुंकर पण नको मारू."

"अवं, मंग याची धूळ कशी काढाची?"

"नाही काढायची."

मला हे पटलं नाही. मग तिनं मला समजावलं. मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले, म्हणून मला समजावताना माणसाला नीट बोलावं लागतं. ती म्हणाली, "आजी, हा रंग नाही, हे जंगल आहे. केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या इथं उभ्या आहेत, दाट, गवतावाणी. उजेड आत शिरला की या नळीवरून त्या नळीवर आपटतो, त्याला बाहेरची वाट सापडत नाही. तो तिथंच जिरतो. जिरला की थोडी ऊब होते, आणि खालची तार ती ऊब मोजते."

हे मला कळलं. इंद्रवेल्लीच्या पलीकडे पूर्वी असं रान होतं, भर दुपारचं ऊन आत शिरायचं आणि तिथंच मुरायचं.

"पण उजेड कायचा? खोलीत त अंधार हाय."

"डोळ्यांना न दिसणारा उजेड असतो आजी. जी वस्तू गरम, ती तो सोडते. चूल सोडते, गाय सोडते, तूही सोडतेस."

"मी उजेड देते?"

"हो."

"तुह्या आबाजीले सांग व बाई. लग्न झाल्यापासून म्हणून राह्यले, या घरात उजेड नाई."

आता तिचं काम काय होतं, ते ऐका. ओल राहिलेला कापूस ढिगात आतून तापतो. पिवळा पडतो, मोठ्या गोदामात तर पेटतोसुद्धा. वरून हात लावला तर कळत नाही, कळेपर्यंत उशीर होतो. पोरीचं म्हणणं, तिच्या टिकलीला ढिगासमोर बसवलं तर हात न लावता, लांबूनच तिला ऊब कळेल. पण तिच्या सरांनी सांगितलं होतं, प्रयोगशाळेत सगळंच चालतं, आता धूळधुराच्या घरात चालवून दाखव. चाललं तर पुढं जाऊ, नाही चाललं तर हे सोडून दुसरा विषय धर. तीन वर्षं तिनं त्या काळ्या जंगलावर घातली होती. हसत सांगत होती, पण सांगताना ओढणीचं टोक पिळत होती. मला कळलं, हसू वरवरचं आहे.

घडवंचीवरचे हंडे मी खाली उतरवले आणि घडवंची ढिगासमोर ठेवली. त्यावर डबी, डबीतून वायर, वायर फोनला. फोनवर एक रेघ सरकायची. ढीग थंड तर रेघ सरळ, ऊब वाढली की वर. झाडताना धूळ नको म्हणून तेवढ्यापुरती टिकलीसमोर आडोशाला निर्मलची रंगीत लाकडी वाटी ठेवायची. सगळ्या घरात विरोध एकट्या आमच्या म्हाताऱ्याचा, म्हणजे मालकांचा.

"खोलीत कायले? अंगणात लाव ना. हवा हाय, उजेड हाय."

"आबाजी, कापूस खोलीत आहे."

"हाव, ते बी हाय," म्हणाले आणि खाट ओढून दाराशीच बसले. "मंग मी राखण करतो."

मला कौतुक वाटलं. नातीच्या कामासाठी म्हातारा थंडीत राखण करतोय. आदिलाबादची थंडी तुम्हाला माहीत आहे, सकाळी तोंडातून धूर निघतो. आणि यांना साखरेचा आजार, पायाला मुंग्या येतात. डॉक्टरनं गोड सगळं बंद केलेलं. गूळ, केळं, आणि ज्यावर यांचा जीव ते सीताफळ तर नावसुद्धा काढायचं नाही. त्या मोसमात सीताफळवाली गल्लीत आली की मी आधी बाहेर जाऊन उभी राहायचे.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी जाऊ आपला कापूस पाहायला आली. पांढरा शुभ्र ढीग, आणि समोर काळी टिकली. ती उंबऱ्यातच थांबली.

"बाई, हे कोणासाठी लावलं?"

"कोणासाठी म्हंजे?"

"ढिगाले नजर लागू नये म्हून काळं लावलं ना? मंग या खोलीत येते कोण? मीच येते. सरळ सांगा ना, माह्या नजरेसाठी लावलं म्हून."

मी म्हटलं, अवं, हे शास्त्र आहे. नातीनं समजावलं. जाऊ म्हणाली, "शास्त्र असन त दाखव." नातीला वाटलं, एकदा दाखवलं की संपेल. तिनं काकीआजीला टिकलीसमोर उभं केलं.

आता कापूस थंड, माणूस गरम. रेघ टणकन वर गेली.

जाऊ फोनकडे पाहतच राहिली. "पाह्य व माय! माह्यीच नजर निघाली!"

"काकीआजी, ही नजर नाही, अंगाची उष्णता आहे..."

"नजर काय थंडी असते का व? नजर गरमच असते!" आणि डोळ्याला पदर. पोरीनं कपाळावर हात मारला आणि मला म्हणाली, आजी तू उभी राहा, म्हणजे त्यांना कळेल सगळ्यांचंच असं होतं. मी चुलीजवळून भाकरी टाकून आलेली, तोंड लालबुंद. मी उभी राहिले तर रेघ जावेच्याही वर!

जावेचे डोळे क्षणात कोरडे. "बाईची माह्याहून जास्त!" असं म्हणत ती जी बाहेर गेली ती थेट गल्लीत.

पुढं काय झालं असेल ते गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. दुपारपर्यंत आमच्या दारात बायकांची रांग. नजर मोजायचं मशीन आलंय म्हणे हैदराबादहून. कोणी सुनेला घेऊन आली, कोणाची म्हैस आटली होती म्हणून शेजारणीला दंडाला धरून आणलं. जी उन्हातून यायची तिची रेघ उंच, जी सावलीतून यायची तिची बुटकी. बुटक्या रेघेची बाई छाती काढून घरी जायची. एकीनं तर आधी हंड्याच्या गार पाण्यानं तोंड धुतलं आणि मग समोर आली. शास्त्र तिलाच बरोबर कळलं होतं, असं नात नंतर म्हणाली.

पण नातीची पंचाईत. फोनवरची रेघ डोंगराच्या रांगेवाणी झालेली, एका बाईमागं एक शिखर. त्यात कापसाची ऊब कुठं शोधायची? "आजी, असं दोन दिवस चाललं तर मी रिकाम्या हाती जाईन गं." आणि एक बाई टिकलीला हळदकुंकू लावायला बोट पुढं करत होती, तिला आम्ही दोघींनी मिळून मागं ओढलं.

शास्त्रानं काम होईना, तेव्हा मी माझ्या पद्धतीनं केलं. दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "पोरी, या मशीनात वय बी निघते म्हणे ना? अन् ते आपोआप मंडल ऑफिसात जाते?"

रांगेतल्या निम्म्या जणींनी पेन्शनीसाठी वय वाढवून सांगितलेलं, आणि उरलेल्या निम्म्या जणींनी सोयरिकीच्या वेळी कमी केलेलं. एकीला चुलीवरचं दूध आठवलं. एकीची बकरी सुटली. पाण्यानं तोंड धुतलेली तर चप्पल विसरून गेली. पोरगी हैदराबादहून आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली.

मग घरात शांतता. रेघ सरळ झाली, सुतासारखी. म्हातारा दाराशी राखण करतच होता. संध्याकाळ गेली, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी फोन घेऊन माझ्याकडे आली. रेघ चढत होती. उडी नाही, हळूहळू, घाट चढणाऱ्या बैलगाडीसारखी. खोलीत कोणी नाही. समोर कोणी उभं नाही.

"कोणत्या बाजूनं?"

"डावीकडून. डबी वळवून वळवून पाहिली मी."

डावी बाजू जावेची. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. ही बाई पहाटे दव पडलेलं असतानाच वेचायला जाते, ऊन वर येऊ देत नाही, हे मी कितीदा सांगितलं होतं. मी भिंतीवरूनच हाक मारली. "काय व, दवातला कापूस आणून टाकला ना? तापला तुह्या बाजूचा ढीग!"

ती पदर खोचूनच आली. मी ढिगाला हात लावून पाहिला, तिनं लावून पाहिला. गारच लागला.

"गार त हाय! अन् माह्या कापसाले ओल कुठून येईन? दोन दिवस ऊन दाखवून आणला मी. पहिले माह्यी नजर गरम, आता माहा कापूस गरम. या मशीनाचं माह्याशी वैर काय हाय?"

मग ती भिंतीकडे वळली, कारण म्हातारा दाराशी होता. "बाई, त्याईले सांगा, माह्या बाजूचा ढीग आत्ताच्या आत्ता फोडा. ओल निघाली त मी मान खाली घालीन. नाई निघाली त या काळ्याले चुलीत घालीन."

मी म्हटलं, "ऐकलं का?"

एरवी म्हाताऱ्याला ढीग फोडायला सांगा, दोन मिनिटांत बाह्या सरसावतो. पण त्या दिवशी खाटेवरून हलेना. "तिले सांग, उगाच कापूस मळते. मशीनच बिघडलं असन. हैदराबादची वस्तू, आपल्या थंडीत बिघडते."

नात त्यांच्याकडे पाहत राहिली. "आबाजी, खरंच बिघडलं असेल?"

"असन बाई. मशीनच हाय."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती ढीग फोडायला घाबरत होती. फोडला आणि आत काही निघालं नाही तर टिकली खोटं बोलते हे पक्कं. आणि आबाजी तर फोडायच्या आधीच तसं म्हणत होते, ज्या आबाजींच्या शब्दावर ती लहानपणी विहिरीत उडी मारायला शिकली. ती खाली बसली, डबा ओढला आणि वायर काढायला लागली. डोळ्यातलं पाणी टिकलीवर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून काढत होती. ते मला पाहवेना.

म्हाताऱ्यालाही पाहवेना. टोपी काढली, घातली, परत काढली.

"थांब व पोरी."

ती थांबली.

"ते मशीन डाव्या अंगाले दाखवते ना? लुगड्याच्या जवळ? गुडघ्याएवढ्या उंचीवर?"

"हो आबाजी. पण तुम्हाला कसं माहीत?"

"बराबर दाखवते. नाई बिघडलं ते."

म्हातारा उठला, ढिगासमोर बसला, आणि खांद्यापर्यंत हात कापसात घातला. बाहेर आलं ते सीताफळ. डोळे उघडलेलं, टपोरं. मग दुसरं. मग तिसरं. हा बाबा काढतच होता आणि आम्ही तिघी पाहतच होतो. आंब्याची गवतात घालतात तशी, मोठी अढी घातली होती कापसात. तळाची फळं पिकून फुटलेली, भोवतीचा कापूस चिकट, तपकिरी, आणि खोलीभर असा वास सुटला की कोनाड्यातल्या देवांनाही भूक लागावी. मी त्या जागी हात घातला. चुलीशेजारी निजलेल्या मांजरीच्या पोटासारखं ऊबदार. वरून काही कळत नव्हतं, आत मात्र फळं तापून बसली होती.

आता मला राखण कळली. आणि अंगणात मशीन लावायचा आग्रहही कळला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. जाऊ भिंतीकडून वळली होती. पदर खांद्यावर घसरलेला, तिला भान नव्हतं. सरळ यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली,

"माह्याच बाजूले काऊन?"

सवयीनं मी "अवो, ती म्हणते" एवढं म्हटलंसुद्धा, पण पुढं सांगायचं काही उरलंच नव्हतं. म्हातारा सीताफळ हातात धरून तसाच. आणि मग त्यांनीही सरळच उत्तर दिलं.

"तुह्या बाजूचा कापूस मऊ हाय."

पोरीला जे हसू फुटलं ते थांबेना. रडत होती की हसत होती, तिलाच कळत नव्हतं. मग उठली, वायर परत लावली, डबी जागेवर ठेवली. फळं पिकताना श्वास घेतात आजी, म्हणाली, माणसासारखा, म्हणून तापतात. सगळी सीताफळं टोपलीत काढली, चिकट कापूस बाजूला केला, आणि आम्ही चौघं खाटेवर बसून त्या रेघेकडे पाहत राहिलो. संध्याकाळ होईपर्यंत ती उतरली. जशी चढली होती तशीच, हळूहळू. ती खाली येताना पाहून पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं, तो डोळ्यांना दिसणारा उजेड होता.

तिनं सरांना फोन लावला. इंग्रजीत बरंच बोलली, मग तेलुगूत, मग मला म्हणाली, "सर विचारतात, उष्णता कशाची होती?"

"मंग सांग ना."

तिनं सांगितलं. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि पोरगी परत हसायला लागली. सर विचारत होते, गोड होती का? जाताना तिच्या बॅगेत मी त्यातली न फुटलेली बांधून दिली. टिकली मांडीवर आणि सीताफळं पायाशी, लांब, असं बजावून. तिचा विषय तोच राहिला. सरांनी सोडायला सांगितलं नाही, उलट आणखी दोन टिकल्या करायला सांगितल्या.

जावेची मी माफी मागितली, वाटीभर चटणी नेऊन दिली. ती म्हणाली, चटणी ठेवा, पण गल्लीत जाऊन सांगा की माहा कापूस कोरडा होता. तेही सांगितलं.

म्हाताऱ्याचं मात्र वाईट झालं. एकदा बोलणं सुटलं ते सुटलं. आता जाऊ भिंतीकडे तोंड करत नाही. सकाळी मीठ मागायला आली की दारातूनच विचारते, "भासरे, आज काय खाल्लं? हात दाखवा." वास घेते आणि मग मीठ नेते. हे मला म्हणतात, "पहिले एकीचंच ऐकाचं होतं. बरे दिवस होते ते." मी म्हणते, मला काय सांगता, तिला सांगा. आता तर सरळ सांगता येतं.

या वर्षीचा कापूस घरात आलाय. नात आली नाही, मशीनही नाही. पण परवा जाऊ आली, डब्याच्या झाकणावर एरंडाच्या तेलातलं काजळ फासून एक गोल टिकली आणली, आणि घडवंचीवर ठेवली. ढिगाकडे नाही, म्हाताऱ्याच्या खाटेकडे तोंड करून. कसली कसली वायरही गुंडाळून लावलीय. सीताफळवाली गल्लीत ओरडत गेली तेव्हा हे उठून बसले, टिकलीकडे पाहिलं आणि परत आडवे झाले.

ती टिकली खरी की खोटी, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.